पाणलोटातली मातीची धूप क्यूजीआयएसवर कशी काढावी: कऱ्हेच्या खोऱ्याचं उदाहरण धरून

एका हेक्टरवरून एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, की साधारण १३ टन माती गेली. उभ्या शेतात हे कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. दिसतं तेव्हा मुरूम वर आलेला असतो आणि माती खालच्या बंधाऱ्यात बसलेली असते. म्हणूनच शे-दोनशे गावांच्या खोऱ्यात बांधबंदिस्ती आधी कुठे करायची हे ठरवायला धुपीचा नकाशा लागतो. आज तो मोफत माहितीवर, क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, साध्या लॅपटॉपवर करता येतो.

करणं सोपं असल्यामुळे चुकीचे नकाशेही भरपूर होतात. पद्धतीत फक्त पाच थरांचा गुणाकार आहे. गुणाकारात एक थर दहापट चुकला तर उत्तर दहापट चुकतं, आणि नकाशा मात्र तितकाच देखणा दिसतो. त्यामुळे या लेखात बटणांपेक्षा एककं, मर्यादा आणि आकड्यांची पारख यांवर जास्त जागा दिली आहे.

उदाहरण कऱ्हा नदीच्या खोऱ्याचं घेऊ. पुरंदरच्या डोंगरात उगम, सासवड, जेजुरीजवळचं नाझरे धरण, मोरगाव, बारामती आणि पुढे सोनगावला नीरेशी संगम. पश्चिमेला डोंगरउतार, पूर्वेला पर्जन्यछायेतली काळी जमीन, मधे माळरान, अंजीर-सीताफळाच्या बागा आणि ऊस. पद्धतीचे जवळजवळ सगळे खाचखळगे या एका खोऱ्यात भेटतात.

सूत्र काय मोजतं आणि काय मोजत नाही

धूप = आर × के × एलएस × सी × पी

आर म्हणजे पावसाची मारकशक्ती, के म्हणजे मातीची धुपण्याची प्रवृत्ती, एलएस म्हणजे उताराची लांबी आणि तीव्रता, सी म्हणजे जमिनीवरचं आच्छादन, पी म्हणजे बांधबंदिस्तीसारखे उपाय. उत्तर दर हेक्टरी दर वर्षी टनांत येतं. विश्मायर आणि स्मिथ यांनी १९६५ आणि १९७८ मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगक्षेत्रांवरून हे बसवलं, १९९७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. तिलाच आरयूएसएलई म्हणतात. मोजमापाचं मूळ क्षेत्र २२.१३ मीटर लांब, ९ टक्के उताराचं, सतत नांगरून उघडं ठेवलेलं. पुढच्या सूत्रांत २२.१३ आणि ०.०८९६ हे आकडे भेटतील, ते इथूनच आले आहेत.

हे सूत्र सालकाढी धूप आणि ओघळपाडी धूप मोजतं. घळपाडी धूप, नदीकाठ ढासळणं, दरड कोसळणं यांतलं काहीही त्यात नाही. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर आला, तसा धोका या नकाशावर दिसणार नाही. अहवालात पहिल्याच पानावर हे लिहा, कारण वाचणारा लाल रंग पाहून नेमका तोच अर्थ काढतो.

१. आधी काय जमवायचं

क्यूजीआयएसची दीर्घकालीन आवृत्ती घ्या आणि त्यासोबत ग्रास (त्यातूनच चालणारा विश्लेषणाच्या साधनांचा संच) चालू असल्याची खात्री करा. ८ जीबी रॅम पुरते. डिस्कवर २०-२५ जीबी जागा मोकळी ठेवा, मधले थर फार जागा खातात. माहितीचे थर असे:

– उंचीचा नमुना (डीईएम): युरोपचा कोपर्निकस जीएलओ-३०, किंवा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचा कार्टोडेम. दोन्ही सुमारे ३० मीटरचे.
– पाऊस: चर्प्सचे (उपग्रह आणि पर्जन्यमापक जोडून केलेले) १९८१ पासूनचे आकडे (सुमारे साडेपाच किलोमीटरची जाळी), किंवा हवामान खात्याची पाव अंशाची जाळी. थेट आर हवा असेल तर युरोपीय मृदा माहिती केंद्राचा जागतिक पर्जन्य-मारकशक्ती नकाशा. फॉर्म भरला की मिळतो.
– माती: सॉइलग्रिड्स, २५० मीटर. वाळू, सिल्ट, चिकणमाती आणि सेंद्रिय कर्ब हे चार थर, वरच्या ० ते ५, ५ ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटरसाठी.
– भूवापर: ईएसए वर्ल्डकव्हर, १० मीटर, २०२१ चा.
– सेंटिनेल-२ ची दोन चित्रं: एक ऑक्टोबरच्या सुरुवातीचं, एक जानेवारीचं. कारण सहाव्या पायरीत कळेल.
– महसूल मंडळांच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी आणि तालुका कृषी कार्यालयातून बांधबंदिस्ती झालेल्या गावांची यादी. या दोन गोष्टी इंटरनेटवर नीट मिळत नाहीत, त्यासाठी कार्यालयात जावं लागतं. जावंच.

नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेचे मातीचे नकाशे मिळाले तर सॉइलग्रिड्सच्या जोडीला जरूर ठेवा. सॉइलग्रिड्स हा संगणकी अंदाज आहे. मुरमाड माळ आणि खोल काळी जमीन यांच्या सीमा त्यात पुसट होतात.

२. प्रक्षेपण आणि हद्द

उतरवलेले बरेचसे थर अक्षांश-रेखांशांत असतात. तसेच ठेवून उतार काढला तर आडवं अंतर अंशांत आणि उभं मीटरमध्ये मोजलं जातं, आणि सगळं खोरं ९० अंशांच्या जवळ उभं राहतं. म्हणून पहिलं काम सगळं यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये अंतर मोजणाऱ्या प्रक्षेपणात, आणण्याचं. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांसाठी ४३ उत्तर (ईपीएसजी ३२६४३), ७८ च्या पूर्वेला ४४ उत्तर (३२६४४). पुणे, सोलापूर, अमरावती ४३ मध्ये. वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४४ मध्ये. यवतमाळ जिल्हा ७८ च्या रेषेवर बसतो, तिथे एकच विभाग निवडा आणि सगळे थर त्यातच ठेवा. कऱ्हेसाठी ४३.

डीईएमचं प्रक्षेपण बदलताना बायलिनियर किंवा क्युबिक (शेजारच्या आकड्यांवरून नवा आकडा काढणाऱ्या पद्धती) निवडा आणि पेशीचा, म्हणजे नकाशातल्या एका चौकोनाचा, आकार नेमका ३० मीटर लिहा. तिथे आपोआप येणारं 'निअरेस्ट नेबर' ठेवलं तर उंचीत पट्टे पडतात आणि ते उताराच्या नकाशावर खोट्या पायऱ्या होऊन उमटतात.

जुना एसआरटीएम डीईएम वापरत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यातल्या उंच्या पूर्ण मीटरमध्ये आहेत. ३० मीटरच्या पेशीत एक मीटरचा फरक म्हणजे ३.३ टक्के उतार. बारामतीकडच्या सपाट जमिनीत खरा उतार एक टक्का असताना नकाशा आलटून पालटून शून्य आणि ३.३ दाखवतो. कोपर्निकसमध्ये दशांश आहेत, म्हणून सपाट प्रदेशात तो बरा. मात्र तो झाडांचे आणि इमारतींचे माथेही धरतो, त्यामुळे जंगलाच्या कडेला खोटा कडा दिसू शकतो.

खोऱ्याची हद्द काढण्यासाठी डीईएम खोऱ्याबाहेर किमान दोन किलोमीटर जास्त घ्या. ग्रासचं 'आर डॉट वॉटरशेड' चालवा, त्याला खड्डे आधी भरावे लागत नाहीत. मग मुखाचा बिंदू द्या. हा बिंदू प्रवाहसंचयाच्या (वरून किती पेशींचं पाणी येतं त्याच्या) थरात ज्या पेशीतून नदी वाहताना दिसते, नेमका त्याच पेशीवर हवा. एक पेशी बाजूला पडला तर कऱ्हेच्या खोऱ्याऐवजी काठावरच्या चार वावरांचं खोरं मिळतं.

याच साधनाच्या निकालात काही पेशींत संचय ऋण येतो. बिघाड झालाय असं समजू नका. त्या पेशीत नकाशाच्या बाहेरून पाणी येतंय, असा त्याचा अर्थ. खोऱ्याच्या आत असे आकडे दिसले तर डीईएम अपुरा घेतला आहे, मोठा घ्या.

३. आर: पाऊस

आर म्हणजे वार्षिक पाऊस नव्हे. प्रत्येक वादळी सरीची ऊर्जा गुणिले तिच्यातली अर्ध्या तासाची कमाल तीव्रता, यांची वर्षभराची बेरीज म्हणजे आर. रिमझिम पडलेले ६०० मिलिमीटर आणि चार ढगफुट्यांत पडलेले ६०० मिलिमीटर यांचा आर फार वेगळा असतो. पण अर्ध्या तासाच्या नोंदी बहुतेक ठिकाणी नसतात, म्हणून वार्षिक पावसावरून अंदाज बांधणारी सूत्रं वापरतात. भारतात सर्वांत प्रचलित सूत्र हे:

आर = ७९ + ०.३६३ × वार्षिक पाऊस (मिलिमीटर)

५५० मिलिमीटरला हे २७९ देतं. आता इथे थांबा, कारण नवशिक्यांचे निम्मे नकाशे याच पायरीवर बिघडतात. हे २७९ जुन्या टन-मीटर पद्धतीच्या एककात आहेत. आजच्या एसआय एककात (मेगाज्यूल-मिलिमीटर दर हेक्टर दर तास दर वर्ष) आणायला त्याला ९.८१ ने गुणावं लागतं: सुमारे २,७३४. पुढच्या पायरीत आपण के एसआयमध्ये काढणार आहोत. आर तसाच २७९ ठेवला तर अंतिम धूप जवळजवळ दहापट कमी येईल. आठव्या पायरीत हे आकड्यांनी पाहू.

दुसरा, कमी धोक्याचा मार्ग म्हणजे जागतिक मारकशक्ती नकाशा घेणं. तो मुळातच एसआयमध्ये आहे. त्याची पेशी सुमारे एक किलोमीटरची. दोन्ही मार्गांनी काढा आणि शेजारी ठेवून पाहा. दीडपट-दोनपट फरक चालतो, दहापट फरक म्हणजे एककाची चूक.

पावसाची जाळी निवडताना सह्याद्रीचा स्वभाव विसरू नका. घाटमाथ्यापासून पूर्वेकडे तीस-चाळीस किलोमीटरांत पाऊस कित्येक पटींनी उतरतो. पाव अंशाची पेशी साधारण २७ किलोमीटरची, म्हणजे डोंगर आणि पर्जन्यछाया तिच्या एकाच चौकटीत येतात. म्हणून चर्प्स घ्या, किमान तीस वर्षांची सरासरी काढा आणि सासवड, जेजुरी, बारामती इथल्या मंडळांच्या नोंदींशी ताडून पाहा. एकाच वर्षाचा पाऊस घेऊ नका. दुष्काळी वर्ष घेतलंत तर धूप गायब होईल.

४. के: माती

मातीतली वाळू, सिल्ट म्हणजे बारीक गाळाचे कण, चिकणमाती आणि सेंद्रिय कर्ब यांच्या टक्केवारीवरून के निघतो. सॉइलग्रिड्सचे थर टक्क्यांत नसतात: वाळू, सिल्ट, चिकणमाती यांना १० ने भागा, सेंद्रिय कर्बाला १०० ने. तिन्ही खोलींच्या थरांची सरासरी त्यांच्या जाडीनुसार भारित करा (५, १०, १५).

सूत्राचे चार तुकडे आहेत:

अ = ०.२ + ०.३ × ई^(−०.०२५६ × वाळू × (१ − सिल्ट ÷ १००))
ब = (सिल्ट ÷ (चिकणमाती + सिल्ट))^०.३
क = १ − ०.२५ × कर्ब ÷ (कर्ब + ई^(३.७२ − २.९५ × कर्ब))
ड = १ − ०.७ × न ÷ (न + ई^(−५.५१ + २२.९ × न)), जिथे न = १ − वाळू ÷ १००

के = ०.१३१७ × अ × ब × क × ड

शेवटचा ०.१३१७ अमेरिकी एककातून एसआयमध्ये आणतो. तो विसरलात तर उत्तर साडेसात पटींनी फुगतं.

पहिल्या तुकड्यातला ०.०२५६ नीट पाहा. एका प्रसिद्ध प्रणालीच्या मार्गदर्शिकेत तिथे ०.२५६ छापलेलं आहे आणि तिथून ते असंख्य प्रबंधांत उतरलं आहे. मूळ सूत्रात शून्य आहे. फरक किती पडतो? काळी जमीन घ्या: वाळू १५, सिल्ट ३०, चिकणमाती ५५, कर्ब ०.६ टक्के. योग्य आकड्याने के ०.०४१ येतो, चुकीच्या आकड्याने ०.०२१. एका शून्यापायी निम्मी धूप कागदावरून नाहीशी होते.

क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये घातांकी फल नाही. ई च्या जागी २.७१८२८ लिहा आणि घाताचं चिन्ह वापरा. चिन्ह आणि कंस यांत गडबड होते, म्हणून चारही तुकडे वेगवेगळे थर करून काढा आणि वर दिलेल्या काळ्या जमिनीच्या आकड्यांनी हाताने पडताळा. त्या उदाहरणात अ ०.४२९, ब ०.७३२, क ०.९८० आणि ड जवळजवळ १ यायला हवेत.

निकालाची पारख: एसआयमध्ये के बहुतेक ०.०१ ते ०.०६ दरम्यान असतो. ०.३ दिसला तर ०.१३१७ राहिला. सासवडसारख्या शहरावर किंवा नाझरेच्या पाण्यावर 'नोडेटा' (माहिती नाही) असतो. काही फाइलींत तो −३२७६८ असा साधा आकडा म्हणून येतो आणि गुणाकारात घुसतो, तो आधीच रिकामा करा.

काळ्या जमिनीबद्दल सूत्राला न कळणारी एक गोष्ट आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पहिले पाऊस त्या भेगा पितात आणि पाणी वाहतच नाही. जमीन एकदा फुगून भेगा मिटल्या की मात्र मुरणं जवळपास थांबतं आणि पाणी पृष्ठभागावरून धावतं. जून आणि सप्टेंबर यांत एकाच शेताचा के प्रत्यक्षात सारखा राहत नाही. नकाशात यासाठी सोय नाही, पण आकडा वाचताना हे मनात असू द्या.

५. एलएस: उतार

आधी उतार अंशांत काढा. मग प्रवाहसंचय घ्या (ग्रासमध्ये डी-८ चा, म्हणजे प्रत्येक पेशीचं पाणी एकाच शेजारच्या पेशीत सोडण्याचा, पर्याय निवडून, पेशींच्या संख्येत). सूत्र:

एलएस = (संचय × ३० ÷ २२.१३)^०.४ × (साइन(उतार × ०.०१७४५) ÷ ०.०८९६)^१.३

०.०१७४५ विसरू नका. कॅल्क्युलेटर कोन रेडियनमध्ये समजतो, अंश दिले तर साइन काहीही, अगदी ऋणही देतो, आणि नकाशात भोकं पडतात.

आता यातला मोठा सापळा. ५ टक्के उतारावर, वरून पाच पेशींचं पाणी येत असेल तर एलएस सुमारे १ येतो. तोच उतार नदीच्या पात्रात धरा, जिथे ५० हजार पेशींचं पाणी जमतं, तर एलएस ४० येतो. पात्रात सालकाढी धूप नसते, तिथे हे सूत्र लागूच होत नाही. पण संचय मोकळा सोडला तर सगळ्या ओढ्यानाल्यांच्या रेषा लालभडक होतात आणि खोऱ्याची सरासरी त्याच फुगवतात. बाजारात फिरणाऱ्या कितीतरी नकाशांत धुपीचा नकाशा आणि नाल्यांचा नकाशा एकसारखेच दिसतात, त्याचं कारण हे.

उपाय: संचयाला कमाल मर्यादा घाला. उताराची लांबी ३०० मीटरच्या पुढे या पद्धतीत धरत नाहीत, म्हणजे ३० मीटरच्या १० पेशी. सूत्रात संचयाच्या जागी 'संचय आणि १० यांतलं लहान' असं लिहा. जिथे शेतांना बांध आहेत तिथे पाणी त्याआधीच अडतं, म्हणून ४ पेशी (१२० मीटर) अधिक वास्तव. दोन्हींत फरक सुमारे ४४ टक्क्यांचा पडतो. पुरंदरच्या डोंगरउतारावर १० आणि खालच्या बांधांच्या शेतीत ४, असा भूवापरानुसार वेगळा आकडा लावणं सगळ्यात उत्तम. शिवाय मुख्य प्रवाहांच्या पेशी, उदाहरणार्थ हजार पेशींहून जास्त संचय असलेल्या, अंतिम नकाशातून वगळा.

वरच्या टोकालाही मर्यादा आहे. मूळ प्रयोग साधारण ३ ते १८ टक्के उतारांवरचे. किल्ल्याच्या कड्याखाली ६० टक्के उतारावर एलएस वीसच्या पुढे जातो, तिथे सूत्र स्वतःच्या अनुभवाबाहेर बोलत असतं. त्या पेशींना 'तीव्र उतार, आकडा विश्वसनीय नाही' असा वेगळा रंग द्या.

६. सी: आच्छादन

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवा. उपग्रह चुकतात त्यापेक्षा इथे माणसं जास्त चुकतात.

वर्ल्डकव्हरमध्ये शेतीला एकच क्रमांक आहे, ४०. त्यात बाजरी, ऊस, ज्वारी सगळं एकत्र. पण धुपीच्या दृष्टीने प्रश्न एवढाच असतो: जोराचा पाऊस पडतो तेव्हा जमिनीवर काय असतं? जूनमध्ये नुकती पेरलेली शेतं जवळजवळ उघडी असतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रब्बी ज्वारीचा प्रदेश. खोल काळ्या जमिनीत खरिपात काही न पेरता, पावसाळाभर मशागत करून ओल धरायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्वारी पेरायची, ही सोलापूर, मंगळवेढा, बार्शीकडची जुनी रीत. पुरंदर-बारामतीच्या जिरायत भागातही ती आहे. भूवापराच्या नकाशावर हे शेत 'पीक' म्हणून हिरवं दिसतं. पावसाच्या चार महिन्यांत ते उघडं असतं.

म्हणून दोन चित्रं मागवली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडं आणि जानेवारीत हिरवं ते रब्बी शेत. ऑक्टोबरमध्ये हिरवं, जानेवारीत उघडं ते खरीप. दोन्ही वेळा हिरवं ते ऊस किंवा बाग. हिरवेपणाच्या निर्देशांकाला (एनडीव्हीआय) ०.३५ च्या आसपास सीमा धरून सुरुवात करा आणि ओळखीच्या दहा शेतांवर तपासून ती सरकवा. जुलै-ऑगस्टचं चित्र ढगांमुळे बहुधा मिळत नाही, त्यासाठी अडून राहू नका.

सुरुवातीला हे आकडे लावा:

– दाट जंगल: ०.००५
– झुडपी रान: ०.०५
– चराईचं माळरान: ०.१५
– ऊस: ०.१५
– फळबाग, झाडांखाली मोकळी जमीन: ०.२
– खरीप बाजरी, तूर, कडधान्यं: ०.३५
– रब्बी ज्वारी, खरिपात पडीक: ०.६
– उघडी माती: १
– पाणी, वस्ती: ०

एनडीव्हीआयवरून थेट सी काढणारं घातांकी सूत्र खूप वापरलं जातं. ते युरोपच्या परिस्थितीवर बसवलेलं आहे. आपल्याकडे ऑक्टोबरचं हिरवंगार चित्र त्यात घातलं, की सगळा महाराष्ट्र धुपीपासून सुरक्षित असल्याचं उत्तर येतं. एप्रिलचं घातलं तर पानगळीचं जंगलही उघडं ठरतं. वर्गवारीची पद्धत कष्टाची आहे, तरी तीच घ्या.

उघड्या जमिनीला १ देण्याआधी एकदा विचार करा: तिथे माती आहे का? डोंगरमाथ्यावरचा कातळ, कोकणातले जांभ्याचे सडे उपग्रहाला उघडे दिसतात आणि गुणाकारात सर्वाधिक धूप तिथेच येते. तिथे धुपायला काही उरलेलं नाही. असा कातळ वेगळा काढून वगळा, नाहीतर पैसा आणि श्रम दगडावर खर्च होतील.

७. पी: उपाय

खात्रीची माहिती नसेल तिथे १. समपातळी मशागत आहे असं माहीत असलेल्या शेतांना उताराप्रमाणे: १ ते २ टक्के उताराला ०.६, ३ ते ८ ला ०.५, ९ ते १२ ला ०.६, १३ ते १६ ला ०.७, १७ ते २० ला ०.८. ८ टक्क्यांपुढे उतार वाढला की उपायाचा गुण कमी होतो.

नुसता बांध दिसला म्हणून पी कमी करू नका. पाचव्या पायरीत तुम्ही बांधामुळे लांबी १२० मीटरवर आणली असेल तर बांधाचा फायदा मोजून झाला आहे, पीमध्ये तो पुन्हा धरला तर दुहेरी मोजणी होते. सलग समतल चर झालेल्या डोंगराला तर वर्षही पाहावं लागतं. चर गाळाने भरले असतील तर पी पुन्हा १ च्या दिशेने गेलेला असतो, आणि हे फक्त तिथे जाऊनच कळतं.

८. गुणाकार

सगळे थर ३० मीटरच्या एकाच जाळीवर आणा: एकच विस्तार, एकच आरंभबिंदू. आर, के यांसाठी बायलिनियर, भूवापरासाठी 'निअरेस्ट नेबर'च. भूवापर बायलिनियरने बदलला तर वर्ग ४० आणि वर्ग ८० यांच्या मधे ६० तयार होतो, आणि पाण्याच्या काठी ओसाड जमिनीची कड उगवते.

मग गुणा. वरच्या काळ्या जमिनीचं खरीप शेत, ५ टक्के उतार:

२,७३४ × ०.०४१ × १.० × ०.३५ × १ = सुमारे ३९ टन दर हेक्टरी.

आर जुन्या एककातच राहिला असता तर ४ टन आले असते. के अमेरिकी एककात राहिला असता तर २९५ टन, म्हणजे दर वर्षी दोन सेंटिमीटरहून जास्त माती. २९५ पाहून कुणीही थबकेल. ४ पाहून कुणी थबकत नाही, म्हणून ती चूक जास्त घातक.

वर्गवारी भारतात रूढ आहे ती घ्या: ० ते ५ किरकोळ, ५ ते १० मध्यम, १० ते २० जास्त, २० ते ४० अति जास्त, ४० ते ८० तीव्र, ८० च्या वर अति तीव्र. सॉफ्टवेअर स्वतःहून करतं ती समान वाटणीची वर्गवारी ठेवू नका, त्यात दोन खोऱ्यांची तुलना करता येत नाही.

९. तपासणी

तुलनेला एक आकडा: १९८३ मध्ये ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी देशाची सरासरी हेक्टरी १६.३५ टन काढली होती. खोऱ्याची सरासरी १ किंवा १५० आली तर गुणाकाराकडे परत जा.

सी आणि लांबीची मर्यादा या दोन गोष्टी कमी-जास्त करून नकाशा तीन वेळा काढा. तिन्हींत जी गावं वरच्या क्रमांकांवर राहतात तीच खात्रीची. टनांचे आकडे हलतील, क्रम फारसा हलत नाही. या पद्धतीचा खरा उपयोग क्रम लावण्यात आहे.

मग शेतावर जा. जूनच्या शेवटी, दोन-तीन जोराचे पाऊस झाल्यावर. नकाशातल्या प्रत्येक वर्गातून पाच-सहा जागा निवडा आणि हे पाहा: बांधाच्या वरच्या अंगाला ताजी माती साचली आहे का, झाडांची मुळं उघडी पडली आहेत का, खड्यांच्या खाली मातीचे बोटभर खांब उरले आहेत का, बोटभर रुंदीचे ओघळ दर दहा मीटरमागे किती आहेत. फोनवर जागेचे अक्षांश-रेखांश आणि फोटो नोंदवा. शेताच्या मालकाला विचारा, खडक किती खाली आहे आणि वडिलांच्या वेळी किती खाली होता. याचं उत्तर कोणत्याही उपग्रहाकडे नाही.

१०. धूप आणि धरणातला गाळ एक नव्हे

नकाशावरची सगळी माती नाझरेत पोचत नाही. बरीचशी पुढच्या बांधाला, खोलगट भागात, ओढ्याच्या काठाला बसते. १९८३ च्या त्याच देशव्यापी अंदाजात सुटलेल्या मातीपैकी सुमारे ६१ टक्के जमिनीवरच जागा बदलते, १० टक्के जलाशयांत बसते आणि २९ टक्के समुद्राला जाते, असं धरलं होतं. गाळाचा अंदाज हवा असेल तर एकूण धुपीला पोच-गुणोत्तराने गुणा:

गुणोत्तर = ०.४७२४ × (क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये)^−०.१२५

१०० चौरस किलोमीटरच्या पाणलोटाला हे ०.२७ येतं. पण वाटेत पाझर तलाव, गाव तलाव, सिमेंट नालाबांध असतील तर खरी पोच याहून कमी असते. ते नकाशावर दाखवा आणि शक्य असेल तर त्यांतून निघालेल्या गाळाचे ट्रॉलीचे आकडे ग्रामपंचायतीकडून घ्या. गाळ काढण्याच्या कामांच्या नोंदी हा तुमच्या नकाशाला पडताळण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

११. गावाला काय द्यायचं

पेशींचा रंगीत नकाशा गावाला देऊ नका. ३० मीटरची पेशी असली तरी पाऊस साडेपाच किलोमीटरचा आणि माती २५० मीटरची आहे. एका गटाच्या दोन कोपऱ्यांत ११ आणि १४ टन असा फरक दाखवणं खोटं आहे, आणि त्यावरून भावकीत भांडण लागू शकतं. 'झोनल स्टॅटिस्टिक्स'ने गाव किंवा सूक्ष्म पाणलोट एकक धरून मध्यक काढा (सरासरी काही मोजक्या उंच आकड्यांनी ओढली जाते) आणि २० टनांच्या वरचं क्षेत्र किती हेक्टर ते द्या. त्यावर गटांच्या सीमा, ओढे, बंधारे आणि वाड्यांची नावं छापा. कोपऱ्यात एकक, पावसाची वर्षं, चित्रांच्या तारखा आणि लांबीची मर्यादा किती धरली हे लिहा. प्रत्येक मधला थर तारखेनिशी जपून ठेवा. पुढच्या पावसाळ्यानंतर कुणी तेच खोरं पुन्हा मोजायला बसेल, तेव्हा त्याला सीचे आकडे कुठून आले हे शोधत बसावं लागू नये.